गिऱ्हाईकच फसवतं तेव्हा: ऑनलाइन विकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकहून साड्या विकते, येवल्याच्या पैठण्या जास्त, थोड्या व्हॉट्सॲपवर, थोड्या मार्केटप्लेसवर. घरून विकणाऱ्या बायका, जुनी गाडी नाहीतर फ्रीज विकायला काढलेले लोक, कॉलेजची मुलं, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात आणि बहुतेक वेळा पैसे गेल्यावर विचारतात, म्हणून हे एका जागी लिहून ठेवतेय. खरेदी करणाऱ्याने फसवणुकीपासून कसं वाचायचं यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, पण विकणारा फसला तर त्यालाच "तुम्ही बघून घ्यायला हवं होतं" ऐकावं लागतं, आणि त्याचा मला खरंच राग येतो.

जाहिरात टाकल्यावर दहा मिनिटांत फोन आला, भाव न करता घेतो म्हणाला, क्यूआर कोड पाठवतो म्हणाला. खरा असेल का?

नाही. जुना सोफा भाव न करता, न बघता कोण घेतं सांगा. आपल्याकडे पन्नास रुपये कमी केल्याशिवाय कुणी पिशवी उचलत नाही.

यातला सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे "मी आर्मीत आहे". गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, सगळं व्हॉट्सॲपवर येतं, बदली झालीय, सामान न्यायला माणूस पाठवतो, पेमेंट आमच्या युनिटच्या पद्धतीने होईल असं सांगतात. देवळाली, खडकी, अहिल्यानगर अशी लष्कराची ठिकाणं आपल्या आजूबाजूला आहेत, घरोघरी कुणी ना कुणी फौजेत असतं, त्यामुळे आपला चटकन विश्वास बसतो आणि नेमका तोच ते वापरतात. ओळखपत्र कुणाच्या तरी चोरलेल्या फोटोवर बनवलेलं असतं. मग आधी ५ रुपये पाठवून दाखवतात, की बघा आले ना, आणि नंतर मोठ्या रकमेचा क्यूआर पाठवून स्कॅन करून पिन टाका म्हणतात.

यूपीआयचा पिन पैसे देताना नाहीतर बॅलन्स बघताना लागतो. घेताना पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही, ज्याचा क्यूआर आपण स्कॅन करतो त्याच्या खात्यात पैसे जातात, बस. पूर्वी हेच लोक कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे ॲपमधून पैसे मागणारी विनंती, पाठवून "ॲक्सेप्ट करा" म्हणायचे, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दोन व्यक्तींमधली कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, पण क्यूआरची युक्ती चालूच आहे. तुमचा क्यूआर तुम्ही पाठवा, त्याने स्कॅन करायचा. तो नको म्हणाला की विषय संपला, ब्लॉक करा.

पेमेंटचा स्क्रीनशॉट आलाय, हिरवी टिक पण आहे. पार्सल देऊ का?

खात्यात बघितलं का? बँकेच्या ॲपमध्ये जाऊन बॅलन्स किंवा स्टेटमेंट बघा, एसएमएसवर जाऊ नका. हुबेहूब पेमेंट ॲपसारखी दिसणारी नकली ॲप्स मिळतात, नाव आणि रक्कम टाकली की टिक येते, आवाजसुद्धा येतो. एसएमएस पण खोटा येतो, नीट बघितलं तर तो साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो.

"सर्व्हर डाऊन आहे, अर्ध्या तासात दिसेल, माझा माणूस खाली थांबलाय" असं म्हणाले तर म्हणायचं, थांबू दे त्याला, चहा देते. खरंच पैसे अडकले असतील तर एकतर येतील नाहीतर त्याच्या खात्यात परत जातील, दोन्हीत तुमची वस्तू घरातच राहते. दुकानदार लोक साउंडबॉक्स वाजल्याशिवाय माल देत नाहीत, घरून विकणाऱ्यांनी तोच नियम बॅलन्सला लावायचा. आणि पावती म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, आली तर उघडायचीच नाही, पेमेंटची पावती कधीच एपीके नसते, त्या फाइलने फोनच त्यांच्या ताब्यात जातो.

समोरचा म्हणतोय चुकून २,००० ऐवजी २०,००० गेले, १८,००० परत पाठवा. रडतोय बिचारा.

परत तेच, खात्यात बघा. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं, फक्त मेसेज आलेला असतो, आणि आपण आपल्या खिशातले १८,००० पाठवून बसतो. खरंच आले असतील तरी स्वतः परत पाठवू नका, त्याला सांगा तुझ्या बँकेत तक्रार कर, आणि तुम्हीही तुमच्या बँकेला लेखी कळवा. कारण ते पैसे तिसऱ्याच माणसाचे चोरलेले असू शकतात, आणि मग तुमच्यावर कसली आपत्ती येते ते पुढच्या प्रश्नात.

मी फक्त एक मोबाइल विकला, पैसे आले, मोबाइल दिला, आणि महिन्याभराने माझं बँक खातंच फ्रीज झालं. मी काय गुन्हा केला?

तुम्ही काहीच केलेलं नाही, आणि मला वाटतं विकणाऱ्यासाठी सगळ्यात भयंकर प्रकार हाच आहे, कारण इथे पैसे खरेच येतात आणि सावध माणूससुद्धा फसतो.

होतं असं की चोर कुणाला तरी फसवून त्याच्या खात्यातून पैसे काढतो आणि त्या पैशातून तुमची वस्तू विकत घेतो, म्हणजे त्याला हातात मोबाइल नाहीतर सोन्याचं नाणं मिळालं आणि चोरीचे पैसे तुमच्या खात्यात. ज्याचे गेले तो तक्रार करतो, मग पैसे या खात्यातून त्या खात्यात कसे फिरले ती साखळी शोधत पोलीस तुमच्यापर्यंत येतात आणि बँकेला रक्कम रोखायला सांगतात. तक्रार दुसऱ्याच राज्यातली असते, तुम्ही नाशकात आणि पोलीस स्टेशन कुठेतरी तेलंगणात.

पहिल्यांदा बँकेत जाऊन लेखी मागा की तक्रार क्रमांक काय, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस स्टेशन, आणि वादातली रक्कम नेमकी किती. नुसतं "सायबरवाल्यांनी केलंय मॅडम" यावर परत येऊ नका. मग त्या पोलीस स्टेशनला ईमेल करा, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, बिल, मोबाइल असेल तर त्याचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), वस्तू दिल्याचा पुरावा हे सगळं जोडा, आणि सरळ मागणी करा की वादातली रक्कम सोडून बाकीचं खातं मोकळं करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या प्रकरणात संशयित रकमेपुरतंच खातं गोठवायला बँकांना सांगितलं होतं, तसा उल्लेख अर्जात करता येतो. तरीही हलत नसेल तर वकील गाठून न्यायालयात अर्ज हा रस्ता आहे. खर्चिक आहे, मला माहितीय, पण पगार नाहीतर धंद्याचा सगळा पैसा अडकला असेल तर थांबून चालत नाही.

आधीच घ्यायची काळजी सोपी आहे. विक्रीचे पैसे घ्यायला वेगळं खातं ठेवा, ज्यात घरखर्च आणि एफडी नाही. बोलणारा एक आणि पैसे पाठवणारा दुसऱ्याच नावाचा असेल तर घेऊ नका, "मित्राच्या खात्यातून पाठवतो" याला स्पष्ट नाही म्हणा. एकाच वस्तूचे पैसे तीन चार वेगवेगळ्या खात्यांतून तुकड्या तुकड्यात यायला लागले तर तिथेच थांबा.

कॅश ऑन डिलिव्हरीला लोक ऑर्डर देतात आणि घेतच नाहीत. याला फसवणूक म्हणायचं का?

प्रत्येक वेळी नाही. कुणी गावाला गेलेलं असतं, कुणाच्या घरी सासूबाईंनी पार्सल परत पाठवलेलं असतं. पण जाण्याचा आणि परत येण्याचा असा दोन्ही वेळचा कुरिअरचा खर्च आपल्यावर येतो, माल आठ दहा दिवस रस्त्यात अडकतो, आणि कधी कधी प्रतिस्पर्धी मुद्दाम दहा दहा खोट्या ऑर्डरी टाकतो. तुम्ही स्वतः पाठवत असाल तर ऑर्डर आल्यावर फोन करून पत्ता आणि जवळची खूण विचारा, खोट्या ऑर्डरवाला तिथेच अडखळतो. आणि कुरिअरच्या खर्चाएवढा ॲडव्हान्स घ्या, १०० रुपये भरलेला माणूस दार उघडतो.

साडी नेसून परत पाठवतात, नाहीतर दुसरीच साडी परत येते. यावर काही उपाय आहे का?

हे माझ्यावरच येऊन गेलंय. एका मार्केटप्लेसवरून साडेअकरा हजारांची हातमागाची पैठणी गेली, लग्नसराई होती, आठव्या दिवशी "रंग वेगळा आहे" म्हणून रिटर्न आलं आणि पाकिटातून निघाली यंत्रमागाची सेमी पैठणी, पदराच्या उलट बाजूला धागे लोंबतायत. हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, ज्याला कळतं त्याला एका नजरेत कळतं. पण ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांना कळत नव्हतं, त्यांना व्हिडिओ हवा होता आणि माझ्याकडे पॅकिंग करतानाचा व्हिडिओ नव्हता. क्लेम फेटाळला. ज्या विणकराकडून साडी घेतली होती त्याचे पैसे मी पुढचे तीन महिने फेडले.

त्यानंतर मी जे करते ते सांगते. पॅकिंगचा व्हिडिओ एका सलग टेकमध्ये, मध्ये कट नाही, आधी शिपिंग लेबलचा बारकोड आणि नंबर, मग साडी उलगडून पदर, काठ, उलट बाजू, मग सिल्क मार्कच्या (अस्सल रेशमाची खूण) लेबलवरचा नंबर, मग वजनकाट्यावर ठेवून आकडा, मग पाकीट बंद करून लेबल चिकटवेपर्यंत कॅमेरा चालू. सिल्क मार्कचा तो नंबर बिलावर पण लिहिते. साडीला एक टॅग असा लावते की नेसायची तर तो काढावाच लागेल, आणि "टॅग काढल्यास आवड-निवडीच्या कारणाने परत नाही" हे वर्णनात आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर दोन्हीकडे लिहिते. वजनाचं महत्त्व फार आहे, कारण कुरिअरवालेही वजन नोंदवतात, आणि जाताना एक आणि येताना त्याच्या निम्मं असेल तर वाद घालावाच लागत नाही.

रिटर्न आलं की तसाच व्हिडिओ, पाकीट फाडायच्या आधी सहाही बाजू दाखवायच्या. पाकीट आधीच उघडलेलं, टेप बदललेली दिसली तर शक्यतो घेऊच नका, घ्यावं लागलं तर डिलिव्हरीवाल्याच्या पावतीवर तसा शेरा लिहून फोटो काढा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सिरीयल नंबर दाखवायचा, चपला विकणाऱ्यांनी तळवा दाखवायचा, कोल्हापुरी एकदा रस्त्यावर चालली की तळव्यावरून कळतं.

मार्केटप्लेस विक्रेत्याला भरपाई देतात का?

देतात, पण मागावी लागते आणि मुदतीत मागावी लागते. ॲमेझॉनवर सेफ-टी क्लेम असतो, फ्लिपकार्टवर सेलर प्रोटेक्शन फंडचा क्लेम, मीशोवर रिटर्नच्या विभागातून क्लेम टाकतात. मुदती बदलत राहतात म्हणून मी इथे आकडे देत नाही, तुमच्या डॅशबोर्डवर आजच बघा आणि कॅलेंडरला लावा. पहिल्यांदा फेटाळला तर सोडू नका, परत अपील करा, आणि क्लेम लिहिताना रडगाणं नको, चार ओळी बास: ऑर्डर नंबर, काय पाठवलं, काय परत आलं, कुठल्या व्हिडिओत कितव्या सेकंदाला दिसतं. महागडी वस्तू असेल आणि ओपन बॉक्स डिलिव्हरीची सोय तुमच्या वस्तूला लागू असेल तर ती घ्या, गिऱ्हाईक उघडून बघतं आणि मगच ओटीपी देतं.

गिऱ्हाईक म्हणतं पार्सल मिळालंच नाही, ट्रॅकिंगला तर डिलिव्हर्ड दिसतंय.

कुरिअरकडून डिलिव्हरीचा पुरावा मागा, सही, फोटो, लोकेशन, जे असेल ते. पोस्टाने पाठवत असाल तर १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, आणि आता ओटीपी दिल्यावरच वस्तू हातात देण्याची सोय ५ रुपये अधिक जीएसटी एवढ्यात मिळते, पाच हजारांच्या वस्तूला पाच रुपये वाचवू नका. आणि एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, प्रत्येक "मिळालं नाही" खोटं नसतं, डिलिव्हरीवाला शेजारी ठेवून डिलिव्हर्ड मारून जातो हे पण रोज होतं, म्हणून पहिला फोन चौकशीचा करा, आरोपाचा नको.

मी "नो रिटर्न, नो एक्स्चेंज" लिहिलंय, मग मला रिटर्न नाकारता येईल ना?

सगळं नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचली असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. "मन बदललं" यावर तुमची पाटी चालते, "भोक आहे" यावर नाही. लबाड गिऱ्हाईक याचाच फायदा घेऊन स्वतः भोक पाडतं, म्हणून परत तोच पाठवण्याआधीचा व्हिडिओ. आणि आपणही फोटोला फिल्टर लावून रंग भडक करून विकायचं नाही, मग भांडायला तोंड राहत नाही.

पैसे परत दे नाहीतर एक स्टार देईन अशी धमकी आलीय.

मेसेज जपून ठेवा, मार्केटप्लेसकडे तक्रार करा, आणि रिव्ह्यू आलाच तर त्याखाली शांतपणे दोन ओळीत काय झालं ते लिहा. वस्तू ठेवून घेऊन निम्मे पैसे परत मागणारे लोक हेच पाच सहा जणांना करत असतात. एकदा दिले की परत येतात.

बाइक विकायचीय, टेस्ट राइड देऊ का?

एकट्याला नाही. मागे बसा, किंवा तुमच्या ओळखीचा माणूस बसवा. त्याची जुनी गाडी दारात लावून गेला म्हणून निश्चिंत होऊ नका, ती चोरीची असू शकते. त्याच्या लायसन्सचा फोटो आधी घ्या आणि मूळ आरसी हातात देऊ नका.

पण गाडीत खरा धोका विकल्यानंतर सुरू होतो, कारण घेणारा नावावर करूनच घेत नाही आणि चलन तुम्हाला येत राहतात. अपघात झाला तर त्याहून वाईट, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक, म्हणजे भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देऊ नका. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यावर विसंबू नका, स्वतः कळवा. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, चारचाकी असेल तर फास्टॅग बंद करा. आणि २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, दंड घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला होतो आणि तो तेवढ्याच रकमेचा असतो.

फसवणाऱ्याचं नाव, फोटो, नंबर ग्रुपवर टाकू का, म्हणजे बाकीचे वाचतील?

तुमची तळमळ कळते, तरी नका टाकू. ओळखपत्र चोरलेलं असेल तर तो फोटो एखाद्या निरपराध जवानाचा असतो, आणि तुमची पोस्ट त्याच्या गावापर्यंत जाते. शिवाय चूक निघाली तर बदनामीची केस तुमच्यावर. पद्धत सांगा, माणूस पोलिसांना सांगा.

फसलोय. आत्ता काय करू?

तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील तर सगळं सोडून आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, ट्रान्झॅक्शन नंबर तयार ठेवा, पुढच्या खात्यातून पैसे निघायच्या आत अडवता आले तरच हाताला लागतात, म्हणून तासातासाला किंमत आहे. बँकेलाही कळवा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा.

खोट्या स्क्रीनशॉटवर माल दिला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तुमच्या खात्यातून काही गेलेलंच नाही त्यामुळे अडवायला पैसे नाहीत, अडवायचं आहे ते पार्सल. ते वाटेत असेल तर लगेच कुरिअरला फोन करून परत बोलवा, पोस्टातूनही वाटप व्हायच्या आत पाठवणाऱ्याला अर्ज करून परत मागता येतं. पोचलं असेल तर पोलीस स्टेशनला फसवणुकीची तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधी ज्याला आपण चारशेवीस म्हणायचो ते. दुसऱ्याचं नाव घेऊन फोनवरून फसवलं असेल तर आयटी कायद्याचं ६६डी पण लागतं.

चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, प्रोफाइलचा फोटो, यूपीआय आयडी, पत्ता, कॉलची वेळ सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोन फॉरमॅट करू नका, कारण पुढे कोर्टात पुरावा लागला तर मूळ फोन विचारू शकतात. रक्कम लहान आहे, कशाला तक्रार करता असं कुणी म्हणालं तरी अर्ज द्याच, तोच नंबर आणखी दहा अर्जांत असेल तर जोडला जातो. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.